गावात माणसं किती? दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावाच्या आराखड्याचं प्रकरण

ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना गावाची लोकसंख्या आणि उत्पन्न नेमकं कसं मांडायचं, यावर एका गावात जे घडलं त्याची ही नोंद आहे. गावाचं आणि वाड्यांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिल्ह्याचे आकडे जनगणनेतले आहेत, जसेच्या तसे. मी या कामात प्रवीण प्रशिक्षक म्हणून होते, म्हणजे गावाला आराखड्याच्या कामात मदत करणारी बाहेरची व्यक्ती.

पार्श्वभूमी

गाव खाडीपासून आत, डोंगराच्या उतारावर. खाली मळ्यात भात, मधल्या टप्प्यावर नाचणी पिकायची ती वरकस जमीन, आता बरीचशी ओसाड. कातळावर हापूसची कलमं. सहा वाड्या, त्यातली धनगरवाडी अगदी वर सड्याला, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराला लागून. पावसाळ्यात इथे छपरावरचा पाऊस मोजायला भांडी पुरत नाहीत आणि एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. जांभा दगड पाणी धरत नाही, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला आलेलं सगळं दोन दिवसांत खाडीला मिळतं. तालुक्यात टँकरची पहिली मागणी दरवर्षी धनगरवाड्यांची असते, या गावातही तसंच.

गाव समजायचं तर आधी जिल्हा बघावा लागतो. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ साली १६,१५,०६९. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरीची ४.८ टक्क्यांनी घटली. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. त्याच काळात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला. कोकणातला माणूस एके काळी गिरणगावातल्या खोलीत बिऱ्हाड करायचा, तो आता दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला असतो. आपल्याकडच्या रिकाम्या घरांचा हिशोब तिकडच्या भरलेल्या इमारतींत लागतो.

दुसरा आकडा लिंग गुणोत्तराचा. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. भाषणांतून हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि ते ऐकताना मला दरवेळी वाईट वाटतं. शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये याच जिल्ह्याचं गुणोत्तर ९३६ आहे, म्हणजे जन्माला येणाऱ्या मुली इथेही मुलांपेक्षा कमीच. तरी एकूण लोकसंख्येत बायका ९२,८२७ ने जास्त भरतात, कारण कमावते पुरुष मोजणीच्या दिवशी मुंबई-ठाण्यात असतात. हा आकडा मुलींना मिळालेल्या मानाचा नाही, घराबाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे.

अडचण

२०२१ च्या गणपतीनंतर पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू झालं. त्याच सुमाराला जल जीवन मिशनमधून गावाच्या नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक व्हायचं होतं. दोन्हीकडे कागदावरचा पहिला रकाना एकच: एकूण लोकसंख्या.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर आम्ही सगळी दप्तरं मांडली. २०११ ची जनगणना, मतदार यादी, शिधापत्रिकांची यादी, आशाताईंची सर्वेक्षण वही, अंगणवाडीचं रजिस्टर आणि घरपट्टीचा नमुना ८. कुठलेही दोन आकडे जुळेनात. मतदार यादीतली नावं जनगणनेतल्या एकूण माणसांपेक्षा जास्त निघाली, तीही जनगणनेत तान्ही मुलं धरलेली असताना. चाकरमानी आपलं नाव गावातून काढत नाहीत. पंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून येतात, तेव्हा त्या यादीचा अर्थ कळतो. नमुना ८ मधल्या घरांपैकी कितीतरी घरांना बारा महिने कुलूप, पण घरपट्टी नियमित भरलेली. सगळ्यात लहान आकडा आशाताईंच्या वहीतला होता, कारण त्या दारात जाऊन माणूस बघून लिहितात.

आकडे जुळले नाहीत एवढंच असतं तर निभावलं असतं. खरी अडचण पाण्याच्या अंदाजपत्रकात होती. योजना दरडोई दररोज ५५ लिटर या हिशोबाने होते आणि पुढच्या अनेक वर्षांची लोकसंख्या मागच्या जनगणनांवरून काढतात. वाढत्या गावात हे ठीक. घटत्या गावात तोच हिशोब उलटा फिरतो. जिल्ह्याचंच घ्या: दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी झाली, तीच चाल पुढे धरली तर २०२१ साली १५,३३,३६१ राहायला हवीत, आणि पुढे अजून कमी. गावाला हे गणित लावलं की टाकी लहान होत जाते. पण या गावात विहिरी आटतात तो मे महिना आणि मुंबईची पोरंबाळं सुट्टीला येतात तोही मे महिनाच. पाणी सगळ्यात कमी आणि माणसं सगळ्यात जास्त, हे एकाच वेळी घडतं.

कोणते पर्याय समोर होते

ग्रामसेवकांचं, म्हणजे भाऊसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. जनगणनेचा आकडा घाला आणि पुढे चला. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तेव्हा मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येवर येत होता, त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच खर्च करायचा. वेगळा आकडा घातला तर लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यावं लागणार, मला नाही.

सरपंचबाईंचा कल मतदार यादीकडे. "ही माणसं आमची नाहीत का? देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याच वर्गणीतून झाला," असं त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतंच. पण त्या यादीवर आरोग्याचं नियोजन केलं असतं तर लसी आणि औषधं विरारला असलेल्या माणसांच्या नावाने मागवल्यासारखं झालं असतं, आणि इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण कागदावर कमी दिसलं असतं.

तिसरा पर्याय, एका दिवशी सगळं गाव मोजायचं. मग कुठल्या दिवशी? यावर बैठकीत तासभर गेला. गणपतीत मोजलं तर गाव फुगलेलं, पावसात मोजलं तर ओस. त्यात २०२० च्या टाळेबंदीत परत आलेली काही कुटुंबं अजून गावातच होती. शाळेत चौदा दिवस विलगीकरणात राहिलेली ही माणसं, कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजी लावली. ती राहणार की परत जाणार, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

चौथा पर्याय मी मांडला: एक आकडा द्यायचाच नाही, तीन द्यायचे. पावसाळ्यानंतरचा, गणपतीतला आणि मेचा. खर्च पैशाचा नव्हता, वेळेचा होता. आराखडा जानेवारीत अपलोड व्हायला हवा आणि मे त्यानंतर येतो. भाऊसाहेबांनी विचारलं, "ताई, अर्धा आकडा घेऊन ग्रामसभेपुढे जायचं का?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर तेव्हा नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. अधिकृत रकान्यात जनगणनेचा आकडा राहील. सोबत पुरवणी म्हणून हंगामवार तक्ता जोडायचा, मेची मोजणी मेमध्ये करून पुढच्या सुधारित आराखड्यात घ्यायची.

काय केलं

नोव्हेंबरात दोन आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या चार जणी घरोघर गेल्या. मी तीन वाड्यांत सोबत होते.

एका वाडीत चौदा घरं. उघडी पाच. त्यातल्या एका घरात आजी एकट्या. पडवीच्या खुंटीला किल्ल्यांचा जुडगा, त्यात शेजारच्या चार घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. गणपतीच्या आधी आठ दिवस त्या चारही घरं उघडतात, झाडून घेतात, पाणी भरून ठेवतात. "लाल चिंधीवाल्यांकडं यंदा नऊ जणं व्हती," हे त्यांना तोंडपाठ. तिथून मला एक गोष्ट सुचली. गणपतीत घरात किती माणसं होती असं विचारलं की लोक अडखळत होते, आला-गेला धरायचा की नाही कळत नव्हतं. आम्ही प्रश्न बदलला: चतुर्थीच्या दिवशी तांदूळ किती शिजवले? उत्तर झटकन यायचं आणि त्यावरून पानं मोजता यायची. बंद घरांची माहिती किल्ली ज्यांच्याकडे त्यांनी दिली. हा तक्ता दुसऱ्या कुठल्याच दप्तरातून तयार झाला नसता.

दुसरा बदल कामाच्या रकान्यात करावा लागला. एक बाई खळ्यात भात झोडत होती, केसांत पेंढ्याचा भुसा, हात थांबत नव्हते. आशाताईंनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "काय नाय, घरीच असतंय." आशाताईंनी "काम नाही" लिहिलंही. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेला माणूस मुख्य कामगार आणि त्याहून कमी केलेला सीमांत कामगार धरतात. अशा बायका बरेचदा दोन्हींत येत नाहीत, कारण त्या स्वतःच स्वतःच्या कामाला काम म्हणत नाहीत. मग आम्ही महिना धरून विचारायला लागलो. मिरगात काय? पेरणी. आषाढात? लावणी. दिवाळीच्या आसपास? कापणी, झोडणी. फेब्रुवारी-मार्चात? ओले काजूगर काढून शेकड्याने विकायचे, बोटं चिकाने जळतात. एप्रिल-मेमध्ये? आंब्याच्या पेट्या भरायला दुसऱ्याच्या बागेत. त्याच बाईचे दहा महिने भरले. सगळ्या वाड्यांत जुनी उत्तरं खोडून पुन्हा घेतली. यात चार दिवस जास्त गेले. त्या चार दिवसांचा मला आजही अभिमान वाटतो.

उत्पन्नाचा रकाना मात्र थेट विचारून भरायचा नाही, असं ठरवलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीच्या बागा झोडपल्या होत्या, झाडावरचा आंबा खाली आला होता. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनाने पडलेला आंबा पेटीत जात नाही. अशा वर्षी उत्पन्न विचारलं तर गाव कायमचंच दरिद्री दिसेल, आणि तसंही उत्पन्न विचारलं की लोकांना दाखल्याची आठवण होते. त्याऐवजी तीन गोष्टी विचारल्या. कलमं किती, ती स्वतः राखता की कराराने दिलीत? गुरं किती? आणि शेवटचा सिलिंडर कोणाच्या पैशाने भरला? तिसऱ्या प्रश्नाने गावाचं अर्थकारण उघडं पडलं. "झिलानं पाठवले," "जावयानं फोनवर टाकले," "श्रावणबाळचे आले त्यातनं." पूर्वी पोस्टमनच्या हाताने येणारी मनीऑर्डर आता मोबाइलवर येते, पण घर अजून तिच्यावरच चालतं. कलमं ज्यांची मोठी, त्यांच्याकडेही सिलिंडर बरेचदा मुंबईच्याच पैशाचा होता, कारण बाग कराराने दिलेली आणि कराराचे पैसे भावांत वाटले गेलेले.

एक चूक माझी होती. पहिल्या फेरीत बागांतल्या नेपाळी राखणदारांना आम्ही मोजलंच नाही. गावात त्यांना सरसकट गुरखे म्हणतात. पावसाळा सरला की येतात, आंबा उतरला की जातात, वर्षातले सात-आठ महिने इथे असतात. कित्येक चाकरमान्यांपेक्षा जास्त दिवस गावात राहणारी ही माणसं, आणि माझ्या छापील फॉर्ममध्ये त्यांना घर क्रमांक नव्हता म्हणून सुटली. अंगणवाडी सेविकेने लक्षात आणून दिलं. तिला कलमाच्या बागेत दोन लहान मुलं खेळताना दिसली होती. दुसरी फेरी बागांतून झाली.

काय झालं

मेची मोजणी ठरल्याप्रमाणे झाली. मेमध्ये गावात असलेली माणसं नोव्हेंबरच्या दुपटीहून जास्त भरली. टाळेबंदीत परतलेल्यांपैकी काही कुटुंबं तोवर पुन्हा गेली होती, रिक्षावाला राहिला होता.

हंगामवार तक्ता घेऊन आम्ही पाणीपुरवठ्याच्या शाखा अभियंत्यांकडे गेलो. योजनेची मूळ लोकसंख्या नियमानुसारच राहणार, ती बदलता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तक्ता त्यांनी नीट पाहिला आणि मेच्या दिवसांपुरती सोय योजनेबाहेर करा असं सुचवलं. त्याप्रमाणे गावाने दोन जुन्या विहिरींचा गाळ काढला, पऱ्यावर दिवाळीनंतर वनराई बंधारे, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचे बांध घातले. मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने, सिमेंटच्या रिंगांचा खर्च उचलला.

आरोग्याच्या कामात हा तक्ता सगळ्यात जास्त कामी आला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वेगळी यादी झाली, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला घरपोच जाऊ लागल्या. किल्लीवाल्या आजी त्या यादीत पहिल्या. बागेतली मुलं अंगणवाडीत यायला लागली, त्यातली दोन पुढे शाळेत दाखल झाली. जेमतेम पट असलेल्या शाळेत ही दोन नावं फार मोलाची होती.

टाकीचं घोडं मात्र अडलं, आणि ते लोकसंख्येपायी नाही. सोयीची जागा उंचावर होती, सातबारा सामाईक. उताऱ्यावर पणजोबांच्या पिढीतली मयत नावं, वारस नोंदी झालेल्या नाहीत, हिस्सेदार मुंबई, पुणे, बडोद्यापर्यंत पसरलेले. ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र करायचं तर सगळ्यांच्या सह्या लागणार. सहा महिने संमतीपत्रं गोळा करण्यात गेले, तरी चार सह्या राहिल्याच. शेवटी एकाच मालकाच्या नावावर असलेली खालची जागा मिळाली. त्या गृहस्थांनी काहीही न मागता दिली, त्यांचे उपकार आहेत. पण टाकी खाली आली आणि धनगरवाडी टाकीच्या वर राहिली. बाकीच्या पाच वाड्यांत नळाला पाणी आहे. ज्या वाडीसाठी दरवर्षी टँकर मागवावा लागायचा, तिथे अजून टँकरच जातो.

पुन्हा करायचं झालं तर

आम्ही माणसं मोजण्यात तीन महिने घातले आणि जमिनीचे उतारे बघितले ते सगळ्यात शेवटी. हे मी उलटं करेन. पहिल्याच आठवड्यात तलाठ्यांकडून संभाव्य जागांचे सातबारे आणि फेरफार काढायचे, जागेची उंची मोजायची. कोकणातल्या गावाच्या आर्थिक माहितीत एका सातबाऱ्यावर किती नावं आहेत हा रकाना हवाच. इथे जमीन आहे आणि तिच्यावर काहीच करता येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा त्या रकान्यात असतं.

मुंबई मंडळाला आम्ही वर्गणीच्या वेळी बोलावलं, त्यांना नोव्हेंबरातच बसवायला हवं होतं. मेची ग्रामसभा त्यासाठी योग्य, तेव्हा हिस्सेदार गावात असतात आणि सह्या एका दुपारीत होऊ शकतात. बौद्धवाडीचं मुंबईत स्वतःचं वेगळं मंडळ आहे हे मला फार उशिरा कळलं. मी ज्यांना गावाचं मंडळ समजत होते ते तीन वाड्यांचं होतं. धनगरवाडीचं तर मंडळच नाही, त्यांची माणसं मुंबईला फारशी गेलेलीच नाहीत. त्यामुळे जागेच्या बैठकांत त्यांच्या बाजूने मुंबईहून फोन करणारं कोणी नव्हतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. धनगरवाडीतल्या दोन बायका एका बैठकीला उतरून आल्या होत्या, मागे बसल्या, एकही शब्द न बोलता अंधार पडायच्या आत निघून गेल्या. मी त्यांना थांबवून विचारलं नाही.

बागांपासून सुरुवात करणं, महिना धरून काम विचारणं आणि किल्ली सांभाळणाऱ्यांना धरून बंद घरं मोजणं, हे तिन्ही मी दुसऱ्या गावांत आता पहिल्या दिवसापासून करते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षीचा शिमगा त्यानंतर येतो. म्हणजे पालखी नाचवायला येणारा पोरगा त्याही वेळी नालासोपाऱ्यातच मोजला जाणार, आणि गावाने आपला हंगामवार तक्ता तोवर ताजा करून ठेवायला हवा.

धनगरवाडीसाठी सौरपंपावरची छोटी वेगळी योजना आता आराखड्यात घेतली आहे. जागा सड्यावरची आहे, उताऱ्यावर तीन नावं. दोन सह्या झाल्या आहेत. तिसरे गृहस्थ कल्याणला असतात आणि गणपतीला येतो म्हणाले आहेत.